पाटी उचलून देणारी

सॉल्टरबी, इंग्लंड
ता. ११ मे २००३

ती. गिताबाई यांस,

दौंडच्या सिंधूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे कसे हायत? डावा जास्त धरायचा, का आता दोघांनी मिळून संप केलाय? खंडूभाऊंचा खोकला गेला का? त्यांनी तंबाखू सोडली असं पाटसच्या बाजारात कुणी म्हणालं व्हतं, पण बाजारातली गोष्ट, खरी असंलच असं न्हाई. हर्षदा सूनबाई बरी हाय ना? हे पत्र तीच वाचून दाखवत असंल, म्हणून तिला आधीच सांगते, बाई, माझं अक्षर कोंबडी चालून गेल्यागत हाय. प्रौढ वर्गात रात्री पेंगत पेंगत शिकले, सांभाळून घे. तुमची ती कपाळावर चांदवा असलेली मेंढी हाय का अजून? आन् डोळे कसे हायत? विचारू का नको करत शेवटी ठेवलं, पण विचारलं.

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं गप बसलेली ही बया आज एकदम इंग्लंडातनं कशी उगवली. मधी मी वरवंडला येऊन गेले, गिताबाई. तवा खंडूभाऊ म्हणाले तुम्ही शेतात गेलाय. पुन्हा एकदा आले तवाबी शेतातच. उंबऱ्याजवळ तुमच्या वहाणा पडल्या व्हत्या, पण असंल बाई, अनवाणी गेला असाल. असो.

माझी शितल इथं दवाखान्यात नर्स हाय. मार्चात तिला मुलगा झाला, नाव रुद्र ठेवलं. जावई ज्ञानेश दिवसा कामाला, हिची पाळी कधी रात्रीची कधी दिवसाची, म्हणून पोर सांभाळायला मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलंय. विमानात मी खिडकी बंद करून बसले. खाली काय हाय ते न बघितलेलं बरं.

पण पत्र लिहायचं कारण विमान न्हाई, आन् नातूबी न्हाई. कारण कोळसा हाय.

हे गाव समुद्राच्या कडेला हाय आन् ह्याच्या पोटात कोळशाची खाण व्हती. व्हती म्हंजी साधारण आपलं दौंडचं वाफेच्या इंजिनांचं शेड बंद पडलं त्याच सुमाराला हिलाबी कुलूप लागलं. खाण नुसती गावाखाली न्हवती, समुद्राखाली व्हती. माणसं दोराच्या लोखंडी पाळण्यात बसून खोल उतरायची आन् मग आडवी चालत जायची, मैल मैल, आन् डोक्यावर अख्खा समुद्र. मला ज्ञानेशनं हे सांगितलं तवा मी म्हणाले, जावईबापू, सासूची फिरकी घेऊ नका. पण खरं निघालं. जन्मभर आपण कोळसा डोक्यावर वाहिला, पण तो काढायला माणसं कुठवर शिरतात हे कुणी सांगितलंच न्हवतं. वॅगनीतनं उतरायचा, आपल्याला वाटायचं रेल्वेच्याच पोटचा हाय.

खाणीचा चुरा वर्षानुवर्षं समुद्रात ओतला. तो समुद्र अजून थोडा थोडा परत देतो, धुऊन, घासून, आवळ्यायेवढे गोल खडे करून. सकाळी म्हातारीकोतारी माणसं वाळूत वाकून तो वेचतात, घरच्या शेगडीला.

परवा रुद्रला घेऊन शितलबरोबर फिरायला गेले. तिथं एक बाई, माझ्याच वयाची, पांढरे केस, पुरुषी बूट, पोतं भरून त्याच्याजवळ वाकून उभी व्हती. दोन हात पोत्याला, नजर इकडंतिकडं. गिताबाई, ती नजर आपण काय ओळखत न्हाई? पाटी भरली आन् उचलून द्यायला कोण हाय, ते शोधणारी नजर. मी रुद्रला शितलच्या हातात दिलं, पदर खोचला, जाऊन पोत्याला हात घातला आन् एका झटक्यात दिलं तिच्या डोक्यावर.

ती किंचाळली!

पोतं ओलं, काळं पाणी तिच्या तोंडावरनं गळ्यात. शितल पळत आली, "आई, आई, काय करतीयास! अगं त्या बाबागाडीत ठेवणार व्हत्या!" बघते तर मागं एक मोडकी बाबागाडी उभी. त्यात पोतं टाकायला ती दम घेत व्हती, बिचारी. इथं बाया डोक्यावर काय घेत न्हाईत, गिताबाई, टोपीसुद्धा लग्नालाच घालतात म्हणे.

शितल इंग्रजीत सॉरी सॉरी करून रडायला आली. आन् ती बाई पोतं डोक्यावर धरून तशीच उभी. पाडलं न्हाई तिनं! एक हात वर, मान ताठ. मग हसायला लागली आन् चार पावलं चालून दाखवली. मी म्हणाले, वा गं माझी रणरागिणी. तिचं नाव डोरीन. नवरा खाणीत व्हता, छातीत कोळसा साठून वारला.

तिनं खुणेनं विचारलं, तू का असं केलंस. मी पदर मागं सारला आन् टाळू दाखवली. आपली ती जागा, चुंबळीनं केस घासून गेलेली, पुन्हा उगवलेच न्हाईत ती. डोरीननं तिथं तळहात ठेवला. ओला, काळा हात. मग आम्ही तिघी तिच्या घरी जाऊन चहा प्यालो. चहा गुळमुळीत व्हता, पण शेगडीत कोळसा व्हता, आन् त्या वासानं मला तुमची लई सय आली.

उत्तर धाडा. दोन ओळी हर्षदाला सांगा. रागाच्या असल्या तरी चालतील.

आपली,
सिंधू

⁂

सॉल्टरबी
ता. १५ जून २००३

ती. गिताबाई यांस,
नमस्कार. सगळी खुशाल असतीलच.

मागच्या पत्राचं उत्तर न्हाई. पोस्टमन दारावरनं गेला की रुद्रबी माझ्याबरोबर खिडकीतनं बघतो, त्यालाही सवय लागली. असो. आज कामाचं लिहिते, आन् ह्याला उत्तर लागणारच हाय.

इथं खाणकामगारांचा एक हॉल हाय. कामगारांनी आपल्या पगारातनं वर्गणी काढून बांधलेला, वीटन् वीट. खाण गेली, हॉल ऱ्हायला. दारात दगडावर खाणीत मेलेल्यांची नावं कोरल्यात. डोरीननं माझं बोट धरून एकेका नावावरनं फिरवलं. एकाच घरातला बाप, त्याच्या खाली पोरगा, त्याच्या खाली दुसरा. शितलनं काही पोरांचं वय वाचलं तवा मी म्हणाले, बास, पुढं वाचू नको.

पण आत गेलं की मन भरून येतं. भिंतीयेवढाली रेशमी निशाणं हायत, त्यांवर चित्रं, झालर, गोंडे. आपल्या जत्रेतल्या काठ्यांची याद आली. वर्षातनं एकदा जुलैत ती निशाणं निघतात, मागं पितळी बाजा, आन् ज्या गावात आता खाणकामगार औषधाला न्हाई ते गाव अख्खं त्याच्यामागं चालतं. मला हे लई मोठं वाटलं. काम गेलं तर माणसं पांगतात. ही पांगली न्हाईत.

वीस वर्षांमागं इथं वरीसभर संप चालला. तवा ह्याच हॉलात बायांनी चूल मांडली. डोरीन त्यात पुढं. रोज शेकड्यांनी पानं उठायची. ज्या बाया आधी नवऱ्याला विचारल्याशिवाय गल्ली वलांडायच्या न्हाईत, त्या ट्रकवर उभ्या राहून भाषणं करायला लागल्या. संप हरला. मी म्हणाले, हरला तर मग निशाण कसलं मिरवता? डोरीन म्हणाली (शितलनं सांगितलं तसं लिहिते), "हरलो ते खरं. पण येताना बाजा वाजवत कामावर आलो, मान खाली घालून न्हाई." काय माणसं, गिताबाई!

आता मुद्दा. मी त्या दिवशी हॉलात आपल्या यार्डाची गोष्ट अर्धीमुर्धी सांगितली. तर हॉलातली माणसं धरूनच बसली, की जुलैत निशाणांच्या दिवशी मी बोलायचं. शितल इंग्रजीत सांगंल. तारीख बारा जुलै. मी म्हणाले, गोष्ट माझी न्हाई. जिची हाय तिला विचारते. ती व्हय म्हणाली तर सांगीन, न्हाई म्हणाली तर चहा पिऊन घरी येईन.

म्हणून विचारते. आन् जे सांगणार ते खाली लिहिते, काय चुकलं असलं तर सांगा.

दौंडच्या शेडात आपण ठेक्यावर कोळसा वाहायचो. खाली ढीग, वर फलाट, फळीवरनं चढून इंजिनामागच्या कोळशाच्या टेंडरात पाटी रिकामी करायची. गेणबा मुकादम वर ठेकेदाराचा, खाली आपला बाप. आपल्यातल्या हौसाला सातवा महिना व्हता. नवरा परागंदा. तुम्ही मुकादमाला म्हणालात, "हिला वाहायला नको, खाली पाट्या भरायला बसवा." तर तो म्हणाला, "ही पाटीखाली बाळंत झाली तर मी काय सुईण हाय?" आन् तिला काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या वेळेवर आलो. पाट्या भरल्या. आन् ज्या त्या आपल्या भरल्या पाटीजवळ मांडी घालून बसल्या. वर तीन इंजिनं उभी, वाफा सोडत. मुकादम आला.

"काय गं, सप्ता बसवलाय काय?"

"न्हाई मुकादम," तुम्ही म्हणालात, "पाट्या भरल्यात."

"मग उचला की!"

"त्यासाठीच बसलोय. उचलून द्या."

"एकमेकीला द्या. रोज देता तशा."

"रोज हौसा द्यायची."

"अख्ख्या यार्डाला येकटी हौसा?"

"व्हय तर. लई दांडगी बाई. तुम्ही काढलीत."

ते ऐकून माझ्या पोटात हसू मावंना, मी पदर तोंडात कोंबला. मुकादम शिव्या घालून दमला. शिवीगाळीनं पाटी उचलत न्हाई, मग स्वतः वाकला. पहिल्या बाईला दिली, दुसरीला दिली. जिला दिली ती फळी चढून, ओतून, पुन्हा भरून ह्याच्यापुढं हजर. "मुकादम, माझी." "मुकादम, मी आधी आले व्हते." आन् ती सगुणा, आठवते? ती म्हणाली, "थांबा, मला नका देऊ. परपुरुषाचा हात माझ्या डोक्याला लागला तर घरचं काय म्हणतील?" वरनं फायरमन ओरडायला लागले, "मुकादम, आमच्या बायकोलाबी हंडा उचलून द्यायला या की!" उन्हं चढली तवा गेणबा कमरेला हात लावून जो बसला तो बसलाच.

इंजिनं शिट्ट्या मारायला लागली आन् शेडचा साहेब धावत आला. "ये क्या हो रहा है?" सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही उठलात. पदर नीट केला. म्हणालात, "साहेब, आम्ही काम बंद केलेलं न्हाई. माणूस कितीबी दांडगं असू द्या, त्याला भरली पाटी आपली आपण डोक्यावर घेता येत न्हाई. दुसरं लागतं. ते दुसरं तुमच्या मुकादमानं घालवलं."

साहेबानं तिथल्या तिथं हौसाला बोलावणं धाडलं. दुपारच्याला हौसा ढिगाजवळ बसून पाट्या भरत व्हती. तिची मोनिका आज पाटसला शाळेत शिकवते, तुम्हाला ठावं असंलच.

गिताबाई, ते वाक्य मी कितींदा सांगितलंय ते माझं मला म्हाईत. डब्यांच्या धुलाईला लागले तवा नव्या बायांना सांगायचे. शितलला झोपवताना सांगायचे. तुमच्यासारखी बाई मी दुसरी बघितली न्हाई, डोरीनसुद्धा न्हाई. म्हणून पुढचं मला कळंना झालं. वाफेची इंजिनं गेली, रेल्वेनं आपल्याला डबे धुवायला घ्यायचं ठरवलं, मेडिकल झालं, आन् डोळ्यापायी एकट्या तुम्ही बाहेर राहिलात. आम्ही सगळ्या म्हणालो, गिताबाई न्हाई तर आम्हीबी न्हाई. तुम्हीच खेकसलात, "मुकाट अंगठे करा. माझ्यापायी घरं उपाशी ठेवता?" आम्ही अंगठे केले. दुसऱ्या दिवशी तुम्ही वरवंडची एसटी धरली, भावाच्या, खंडूभाऊंच्या मेंढरांकडं. पुन्हा दौंडात पाऊल न्हाई, एका बाईशी धड बोलणं न्हाई. आमचं काय चुकलं? आन् इतरांचं सोडा. जन्मभर एकमेकीच्या डोक्यावर पाटी दिली आपण दोघींनी. माझं काय चुकलं?

हे मी विचारणार न्हवते. पेन पुढं गेलं.

बारा जुलैच्या आत व्हय-न्हाई कळवा. न्हाई असलं तरी कळवा. तुमच्या परवानगीबिगर तोंड उघडणार न्हाई.

आपली,
सिंधू

⁂

सॉल्टरबी
ता. १४ जुलै २००३

गिते,

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. वाचलं आन् पहिल्यांदा इतका राग आला की रुद्रचं दूध उतू गेलं. म्हणाले, ह्या बाईला ह्या वयात काय शिंगं फुटली! मग पुन्हा वाचलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. शितलला वाटलं मला इथली थंडी बाधली.

हर्षदा पोरी, तुझी जेवढी तारीफ करीन तेवढी थोडी. सासूनं सांगितलं तसंच्या तसं लिहिलंस, शिव्यांसकट. ते पत्र मी उशीखाली ठेवलंय आन् त्यातलंच इथं पुन्हा उतरवते, म्हंजी उद्या ही बया म्हणायला नको की मी असं बोललेच न्हाई.

तू लिहिलंस, "मेंढी मेली. डोळ्याला डावीकडचं दिसतं, उजवीकडचं न्हाई, त्यामुळं निम्म्या गावाची कटकट मिटली."

लिहिलंस, "सभेत सांगायचं तर सांग. पण खोटं सांगू नको. मुकादमाला पाट्या उचलायला लावायची अक्कल माझी न्हवती. आदल्या सांजेला नळावर हातपाय धुताना तूच हसत म्हणाली व्हतीस, की एकमेकीला उचलून दिली न्हाई तर गेणबाचा बाप आला तरी पाटी हलायची न्हाई. मी ते सकाळी केलं आन् साहेबापुढं बोलले. तू तुझा वाटा पुसून टाकलास आन् जगाला सांगत सुटलीस गिताबाई गिताबाई. मला शेंदूर फासून बसवलीस."

आन् लिहिलंस, "मेडिकलात नापास झाले तवा सगळ्याजणी माझ्यापुढं अशा उभ्या ऱ्हायल्या जशा मयताला आल्यात. एकीनं चेष्टा केली न्हाई. एकीनं म्हणलं न्हाई की बरं झालं, आंधळे, आता बस मेंढरं मोजत. आन् तू? पहिला पगार झाला आन् आलीस लुगडं, खण, नारळ घेऊन. गिताबाई, हे घ्या, म्हणालीस. हात जोडलेस. अगं, सगळी हयात तू माझ्या फडक्यातली भाकर न विचारता उचलली व्हतीस. त्या दिवशी पाणीबी विचारून प्यालीस. मी लुगडं एसटीनं परत धाडलं ते त्याच्यासाठी. त्यानंतर दोनदा आलीस तवा घरातच व्हते, खंडूला सांगितलं शेतात हाय म्हणून सांग. देवळात येतात तशा येणाऱ्या बाईशी बोलायचं काय?"

वाच हर्षदा, मोठ्यानं वाच, तिला ऐकू दे.

गिते, लुगड्याचं मी मागच्या पत्रांत लिहिलं न्हाई, कारण ते एसटीच्या पार्सलातनं परत आलं तवा मला मेल्याहून मेल्यागत झालं व्हतं. ते चांगलं इरकली व्हतं. दुकानात तासभर बसून निवडलं, हा रंग तुला उठंल का तो. तुला दुसरं काय द्यायचं मला सुचलं न्हाई. तुझी नोकरी मला मिळाल्यागत वाटायचं. तुझ्यापुढं बसून पूर्वीसारखं खिदळायचं तर माझ्या तोंडाला कुलूपच लागायचं. आता तू म्हणतीस तीच खोट व्हती. मग तवाच का न्हाई बोललीस? साहेबापुढं येवढी वाचा फुटते, आन् माझ्यापुढं काय मिठाची गुळणी धरली व्हतीस? दहा वर्षं! दहा वर्षांत तुझा गुडघा गेला, डोळा गेला, मेंढी मेली, आन् तुझा हेका तेवढा धडधाकट ऱ्हायला.

आन् नळावरचं म्हणशील, तर ते मी म्हणाले व्हते हे तू लिहिलंस तवा आठवलं. खरं हाय. पण चेष्टा सांजेला सगळ्याच करतात. सकाळी भरल्या पाटीजवळ पहिली मांडी कुणी घातली? तू बसलीस तवा आम्ही सगळ्या अजून उभ्या व्हतो. मी तुला बघून बसले. तेवढं मी पुसू देणार न्हाई, तू कितीबी ओरड.

आता बारा तारखेचं ऐक.

तुझं पत्र मी आदल्या दिवशी डोरीनला ऐकवलं. शितल एकेक वाक्य सांगत गेली. शेंदराचं इंग्रजी काय करायचं म्हणून ती अडली, तर मी रुद्रच्या कपाळाला कुंकू लावून दाखवलं. डोरीन आधी हसली, मग तिनं हसू आवरलं आन् मला हॉलात घेऊन गेली. तिथं मोठा फोटो हाय, संपातला. डोरीन ट्रकवर उभी, मूठ वर, तोंड उघडं. मला तो लई आवडायचा. ती म्हणाली, "हा बघून लोक माझ्याशी बोलताना आवाज बदलतात. मी रोज बटाटे करपवायचे, ते कुणी सांगत न्हाई. त्या ट्रकवर मला दोघींनी ढकलून चढवलं, त्या फोटोत न्हाईतच." मग म्हणाली, "उद्या बटाट्यांसकट सांग."

म्हणून मी तसं सांगितलं.

निशाणं गल्लीगल्लीतनं फिरून हॉलात आली. पितळी बाजा वाजला तो काळीज हलवणारा. मी नऊवारीच नेसले व्हते. माणसं दाटीवाटीनं, म्हातारे खाणकामगार पुढं, त्यांच्या हातावर निळे व्रण, कोळसा कातडीत मुरलेला. मी उभी ऱ्हायले आन् म्हणाले, माझी एक जोडीदारीण हाय, गिता. कांदा चोरण्यात पटाईत. झोपेत घोरते. त्या दिवशी सकाळी तिलाबी भ्या वाटलं व्हतं, दोनदा आडोशाला जाऊन आली, आन् मग येऊन बसली. शितल म्हणाली, "आई, हे सांगू?" मी म्हणाले, हेच सांग. तर सगळा हॉल असा हसला, गिते, की छप्पर उडतंय का काय! ते पुढं बसलेले म्हातारे डोळे पुसत हसत व्हते. त्यांना ठाऊक व्हतं. पाळण्यातनं खाली उतरताना त्यांचंबी तेच व्हायचं म्हणे.

मग नळावरचं सांगितलं, माझ्या वाट्याचं. मग सगुणाचं परपुरुषाचं सांगितलं. हौसाचं सांगितलं. आन् मग तू साहेबाला जे म्हणालीस ते. शितलनं ते इंग्रजीत सांगितलं. तसा मागनं एक म्हातारा उठला, काठी टेकत, आन् त्यानं काही विचारलं. शितल म्हणाली, "आई, ते विचारतात, गिता आता कुठं हाय? तिला इथं का न्हाई आणलं?"

मी म्हणाले, ती घरी हाय. माझ्यावर रुसली हाय. मी तिची लई तारीफ केली म्हणून.

आधी हसले. मग डोरीन उभी ऱ्हायली, टाळ्या वाजवायला लागली, आन् मग सगळीच उभी ऱ्हायली. गिते, त्या टाळ्या तुला देवी करणाऱ्या न्हवत्या. मी नीट ऐकलं. आपल्या यार्डात पाळी सुटताना आपण कसं एकमेकीच्या पाठीवर थाप मारायचो, तसल्या व्हत्या. त्या टाळ्यांतला तुझा वाटा मी तुझ्यासाठी आणणार न्हाई. लुगडं परत आलं तसं तेबी परत यायचं.

ऑक्टोबरात माझा इथं ऱ्हायचा परवाना संपतो, तवा येते. दौंडला घर उघडते आन् दुसऱ्या दिवशी वरवंडची एसटी धरते. हाताला पिशवी न्हाई, नारळ न्हाई, काही न्हाई. सकाळपासनं काही खाऊनबी येणार न्हाई, त्यामुळं भाकर करताना माझी धरून कर. बाजरीची. आन् कांदा फोडून ठेव, चोरलेला असला तरी चालंल. पाया पडणार न्हाई, तुझे गुडघे बघितले तर तूच माझ्या पडशील उठताना.

डाव्या बाजूनं येते, म्हंजी तुला लांबनं दिसंन. शेतात पळायचं असलं तर पळ. मागनं येते.

खंडूभाऊंना सांग, ह्या वेळी खोटं बोलायचं न्हाई. हर्षदाला आशीर्वाद, तिच्या अक्षराला दोन. आन् उत्तर लगोलग धाड, गिते, भाकरीचं काय ते तरी. ह्या घरात पोस्टमनची वाट बघणारी आता तिघं झाल्यात. शितलबी बघायला लागली.

तुझी,
सिंधी